रक्षणाचे वर्ग

विक्रीस ठेवलेल्या वस्तूचे उत्तम, मध्यम व कनिष्ठ असे वर्ग पाडण्याची चाल बाजाराइतकीच जुनी आहे, आणि तिच्याविषयी कोणी तक्रार केल्याचे सहसा ऐकिवात येत नाही. तांदळाच्या दुकानात आंबेमोहोर असतो आणि कणीही असते. धोतरजोडीत, आंब्याच्या पेटीत, नाटकगृहातील खुर्च्यांत हाच क्रम दिसतो. ज्याची जशी ऐपत तसा त्याचा माल, हा व्यवहार आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की त्यात काही नीतीचा प्रश्न दडलेला असेल अशी शंकाही मनास शिवत नाही. परंतु विकावयाची वस्तू जेव्हा तांदूळ अथवा खुर्ची नसून रक्षण ही असते, तेव्हा हा नित्याचा व्यवहार तितकाच निर्दोष राहतो काय? धान्याप्रमाणे निर्धास्तपणाचेही तीन ढीग लावून ते ज्याच्या त्याच्या पैशाप्रमाणे मोजून द्यावे काय? आणि दिल्यास, कनिष्ठ ढिगातून घेणाऱ्याच्या पदरात आपण नेमके काय टाकले असे म्हणावयाचे?

हा प्रश्न आम्ही केवळ तर्काच्या करमणुकीसाठी काढलेला नाही. संगणकांच्या जाळ्यातून येणाऱ्या उपद्रवापासून बचाव करणारी 'फायरवॉल' नावाची जी योजना आहे, तिची विक्री आज याच रीतीने चालते, आणि तिची गिऱ्हाइके म्हणजे केवळ मोठ्या पेढ्या व सरकारी कचेऱ्या नव्हेत. मीरा-भाईंदरचेच उदाहरण घ्या. १९८५ साली नगरपरिषद आणि २००२ साली महानगरपालिका झालेल्या या शहरात, भाईंदर पूर्वेस स्टेनलेस स्टीलची भांडी करणारे लहानमोठे कारखाने दाटीने उभे आहेत. मीरा रोडला दवाखाने, रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळा, शाळा, शिकवणीवर्ग आणि हिशेबनिसांच्या कचेऱ्या आहेत. यांपैकी पुष्कळांच्या वह्या आता कपाटात नसून संगणकावर असतात, आणि तो संगणकही अनेकदा आपल्या खोलीत नसून कोठे तरी दूर, भाड्याने घेतलेल्या यंत्रांच्या कोठारात असतो. त्यासच हल्ली क्लाउड म्हणतात. वह्या दूर गेल्या म्हणजे त्यांवरचा पहारेकरीही तेथेच नेमावा लागतो. आणि तो नेमावयास जावे तर विकणारा प्रथम हेच विचारतो की, आपणांस कोणत्या वर्गाचा पाहिजे?

फायरवॉल या शब्दाचा मूळ अर्थ, एका इमारतीची आग दुसरीत जाऊ नये म्हणून मध्ये घातलेली भिंत, असा आहे. पण खाडीकाठच्या लोकांस ही कल्पना समजावून देण्यास त्या परदेशी भिंतीची फारशी गरज नाही. खाजणातील भातशेती राखण्यासाठी आपल्याकडे बांध घालतात आणि त्या बांधात उघाडी, म्हणजे झडपेचे दार, बसवितात. ओहोटीच्या वेळी आतले पावसाचे पाणी बाहेर जाऊ द्यावयाचे आणि भरतीच्या वेळी बाहेरचे खारे पाणी आत येऊ द्यावयाचे नाही, हे उघाडीचे काम. नुसती भिंत घातली तर शेत आतल्याच पाण्यात कुजेल. नुसते दार ठेवले तर मीठ चढून ते नापीक होईल. कोणते पाणी जाऊ द्यावे व कोणते अडवावे, हा विवेक म्हणजेच रक्षण. फायरवॉल हेच करते. जाळ्यातून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक निरोपाचा पत्ता, आणि अधिक जागरूक असल्यास त्याचा मजकूरही पाहून, कोणास वाट द्यावयाची व कोणास नाही, हे ती ठरविते.

पूर्वी ही फायरवॉल म्हणजे कचेरीच्या कोपऱ्यात ठेवलेली एक धातूची पेटी असे. मोठ्या कचेरीस मोठी पेटी लागे. तिच्यात अधिक यंत्रसामग्री असे, म्हणून तिची किंमतही अधिक असे. तेथे वर्गभेदाचे कारण उघड होते. परंतु आता जी 'आभासी' फायरवॉल निघाली आहे, तिला पत्रा नाही, पंखा नाही, वजन नाही. ती केवळ एक आज्ञावली आहे. दुसऱ्याच्या यंत्रावर ती उतरवून घ्यावयाची व चालवावयाची. तिची एक प्रत काढण्यास जो खर्च येतो तोच शंभरावी प्रत काढण्यास, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. आणि तरीही तिचे वर्ग आहेतच. सिस्को कंपनीने आपली अशी फायरवॉल दर सेकंदास १०० मेगाबिट, १ गिगाबिट, २ गिगाबिट आणि १० गिगाबिट अशा चढत्या मापांनी विकली. आज्ञावली एकच, परवान्यात लिहिलेला आकडा तेवढा निराळा. फोर्टिनेट कंपनीने आपल्या मालाचे वर्ग भाड्याच्या यंत्रातील किती गणकांचा उपयोग करावयाचा यावरून पाडले : एक, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस. यास आम्ही मापाचा भेद म्हणतो. ज्याच्या दारातून रोज दहा माणसे जातात त्याने अरुंद दार घ्यावे, ज्याच्या दारातून हजार जातात त्याने रुंद घ्यावे व त्याचे अधिक दाम द्यावे. यात अन्याय आहे असे म्हणण्यास आम्ही धजणार नाही.

पण भेद येथेच थांबत नाही. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या अझुर नावाच्या क्लाउडवर जी फायरवॉल मिळते तिचे तीन वर्ग आहेत. मधला, म्हणजे स्टँडर्ड, २०१८ साली निघाला. वरचा, म्हणजे प्रीमियम, २०२१ साली. आणि लहान व्यापाऱ्यांसाठी म्हणून खालचा, म्हणजे बेसिक, २०२३ साली. यांत रुंदीचा फरक आहे हे सांगणे नको. परंतु त्याखेरीज दुसराही एक फरक आहे व तो विचार करण्याजोगा आहे. जगातील कुप्रसिद्ध पत्त्यांची एक यादी ही कंपनी नित्य तयार ठेवते. मधल्या व वरच्या वर्गातील फायरवॉलला, त्या यादीतल्या पत्त्यावरून कोणी आला, तर त्यास दारातूनच परत लावता येते. खालच्या वर्गातली फायरवॉल तीच यादी जवळ बाळगते, येणाऱ्यास ओळखते, मालकास तशी वर्दीही देते. पण केवळ त्या ओळखीवरून त्यास अडवीत नाही. मालकाने स्वतः घालून दिलेले नियम ती पाळते, हे खरे. त्यापलीकडे मात्र चोर ओळखावा, वहीत त्याचे नाव टिपावे, आणि वाट सोडून उभे राहावे, एवढीच तिला आज्ञा आहे. हा भेद मापाचा नव्हे. हा पहारेकऱ्याच्या धर्माचा भेद आहे.

खालचा वर्ग मुद्दाम उणा ठेवण्याची ही युक्ती संगणकवाल्यांनी नव्याने शोधून काढलेली नाही. ज्यूल द्युपुई नावाच्या एका फ्रेंच इंजिनियराने १८४९ सालीच आगगाडीच्या तिसऱ्या वर्गाविषयी हे मर्म सांगून ठेवले आहे. त्या काळी तेथील तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर नसे व बाकांवर गादी नसे. छपरास फार खर्च येतो म्हणून कंपनी ते घालीत नाही, असे लोकांस वाटे. पण द्युपुईचे म्हणणे असे की, छपराचा खर्च क्षुल्लक असून, दुसऱ्या वर्गाचे भाडे देण्याची ज्यांची ऐपत आहे त्यांनी तिसऱ्या वर्गात शिरू नये म्हणून गरिबांस भिजत ठेवले जाते. गरिबांस पिडावे हा हेतू नव्हता; श्रीमंतांस भिववावे हा होता. १९९१ साली इंटेल कंपनीने ४८६ एसएक्स नावाचा स्वस्त गणक काढला. तोही आरंभी वरच्या दर्जाचाच गणक असून, त्यातील आकडेमोडीचा एक भाग बंद करून विकला जात होता. म्हणजे उणी वस्तू करावयास येथे उलट अधिक श्रम पडत, आणि तरीही ती कमी दामास मिळे.

हे ऐकताच संतापून जाणे सोपे आहे, पण विकणाऱ्याची बाजूही नीट ऐकून घेतली पाहिजे. तो म्हणेल : "आज्ञावलीची प्रत फुकट निघते, हे खरे; पण ती पहिल्याने रचण्यास आणि रोज नव्या चोरांची यादी करण्यास शेकडो तज्ज्ञ पोसावे लागतात. तो खर्च कोणाकडून तरी वसूल झाला पाहिजे. सर्वांस एकच दर लावला तर तो भाईंदरच्या भांडीवाल्यास झेपणार नाही, आणि त्याच्या दारावर अजिबातच पहारा राहणार नाही. मोठ्यांकडून अधिक घेतो म्हणून लहानांस थोडक्यात देता येते. आणि मोठे लोक लहानांच्या दराने घेऊ लागू नयेत यासाठी लहानांच्या मालात काही उणे ठेवावेच लागते. शिवाय, बंद पाकिटे उघडून मजकूर तपासण्याचे काम जे आम्ही वरच्या वर्गात करतो, त्यास गणनशक्ती खरोखरीच पुष्कळ लागते. आणि लहान दुकानदाराकडे या विद्येचा जाणता नसतो; आमच्या यादीच्या चुकीने त्याच्या एखाद्या चांगल्या गिऱ्हाइकास दार बंद झाले, तर त्याचा धंदा बसेल व चूक कोठे झाली हेही त्यास उमगणार नाही. म्हणून त्यास नुसती वर्दी देणेच बरे." या म्हणण्यात पुष्कळ तथ्य आहे. थोडे उणे का होईना, पण लहान माणसाच्या हाती काही पडते, ही गोष्ट लहान नव्हे. ४८६ एसएक्स घेणाऱ्यास आकडेमोड हळू करावी लागली, पण घरी संगणक आला. त्याच्या त्या मंद गणकाने शेजाऱ्याचे काही बिघडविले नाही. उण्या मालाची विक्री म्हणजे सर्वत्र अधर्मच, असे म्हणणारा मनुष्य गरिबाचा कैवार घेता घेता त्याचे दुकानच बंद करील.

तथापि रक्षणाच्या बाबतीत हे समर्थन पुरे पडत नाही, असे आम्हांस वाटते. मजकूर तपासण्याचे श्रम अधिक, म्हणून त्याचे दाम अधिक, हे आम्ही मान्य करतो. परंतु यादी जवळ आहे, येणारा ओळखला आहे, वहीत नोंद झाली आहे, एवढे सर्व श्रम झाल्यावर त्यास "परत जा" म्हणण्यास कोणता वेगळा खर्च येतो? पाहण्यास श्रम पडतात, नाकारण्यास पडत नाहीत. म्हणून नाकारण्याचे दाम हे श्रमाचे दाम नसून, भीतीचे दाम होय; द्युपुईच्या छपरासारखेच. चुकून चांगल्या गिऱ्हाइकास दार बंद होईल ही शंका रास्त आहे, पण तिचा उपाय निवड मालकाच्या हाती देणे हा आहे. ज्यास नुसती वर्दी पुरे, त्याने ती घ्यावी. ज्यास अडवणूक हवी, त्यास ती मिळावी. अनाडी माणसाच्या काळजीने ज्याची सोय काढून घेतली, तीच सोय अधिक पैसे देताच त्या अनाडी माणसासही मिळते, यावरून ती काळजी कोणत्या जातीची होती हे ध्यानात येईल.

याहून मोठा मुद्दा पुढे आहे, आणि तो पाहण्यासाठी आपण पुन्हा खाजणाच्या बांधावर जाऊ. खाजणात कोणाचे शेत मोठे असते, कोणाचे लहान. ज्याचा काठ लांब त्याच्या वाट्यास बांधाची अधिक लांबी येणार, व त्याचा खर्च त्याने अधिक सोसावा हे न्याय्य होय. परंतु बांधाची उंची? ती शेताच्या मापाने ठरत नाही, भरतीच्या मापाने ठरते. लहान शेतकऱ्याच्या हद्दीत बांध हातभर ठेंगणा ठेवला, तर उधाणाचे पाणी तेथूनच शिरेल, आणि शिरल्यावर ते केवळ त्याच्याच शेतात थांबणार नाही. उंच बांधवाल्याच्या भातासही मागील बाजूने जाऊन भिडेल. म्हणूनच बांध ही ज्याची त्याची खाजगी बाब न मानता, मुंबई सरकारने १९४८ साली खारजमिनींचा कायदा केला व पुढे महाराष्ट्राने १९७९ साली त्या विकासासाठी नवा कायदा केला. लांबीत भेद असू शकतो, उंचीत असू शकत नाही, हे खाडीकाठच्या शेतकऱ्यास जे अनुभवाने कळते, ते आम्हां सुशिक्षितांस संगणकाच्या बाबतीत अजून कळावयाचे आहे.

जाळ्यातील उपद्रव भरतीसारखाच सर्वांस लागू आहे, याची साक्ष देण्यास फार शोध करावा लागत नाही. २०१६ सालच्या ऑक्टोबरात मिराई नावाच्या दुष्ट आज्ञावलीने जगभरातील घरगुती कॅमेरे व जाळ्याच्या लहान पेट्या, ज्यांचे परवलीचे शब्द कारखान्यातून आले तसेच राहिले होते, आपल्या ताब्यात घेतल्या आणि त्यांच्या एकवटलेल्या माऱ्याने २१ तारखेस डाइन या कंपनीची सेवा कोलमडून पाडली. त्यामुळे ट्विटरसारखी मोठमोठी संकेतस्थळे कित्येक तास अनेकांस दिसेनाशी झाली. स्वस्त कॅमेरा घेणाऱ्याचे स्वतःचे काही गेले नाही. त्याच्या ठेंगण्या बांधावरून पाणी दुसऱ्याच्याच शेतात गेले. पुढील वर्षी, २०१७ च्या मे महिन्यात, वॉनाक्राय नावाच्या उपद्रवाने ब्रिटनमधील सरकारी इस्पितळांची कामे अडवून धरली. विंडोज एक्सपी या जुन्या प्रणालीतील ती फट बुजविणारी दुरुस्ती तोपर्यंत, वेगळे शुल्क भरून खास सेवा घेणाऱ्यांसच मिळत असे. वणवा पेटल्यावर मायक्रोसॉफ्टने ती सर्वांस विनामूल्य खुली केली. ही गोष्ट कंपनीस भूषणावहच आहे; परंतु तिचा अर्थ असाही होतो की, बांधाच्या उंचीचे वर्ग पाडता येत नाहीत, हे पाणी शिरल्यावर विकणाऱ्यानेही कबूल केले.

आता आमच्या शहराकडे वळू. त्याच २०१६ च्या ऑक्टोबरात ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घातले, हे पुष्कळांस स्मरत असेल. अमेरिकेच्या करखात्याचे अधिकारी असल्याची बतावणी करून, तेथल्या नागरिकांस अटकेची भीती घालून, मीरा रोडच्या खोल्यांत बसलेली मुले फोनवरून पैसे उकळीत होती. अशाच फसवणुकीबद्दल अहमदाबादेतील कॉल सेंटरांविरुद्ध त्याच महिन्यात अमेरिकेत जे आरोपपत्र प्रसिद्ध झाले, त्यात माहितीच्या दलालांकडून व इतर मार्गांनी मिळविलेल्या वैयक्तिक माहितीचा उपयोग केला जात असल्याचे म्हटले होते. ही लबाडी कोणतीही फायरवॉल तोडून झालेली नव्हती, हे आम्ही जाणतो. ती कानांतून मनात शिरलेली होती. पण कोणाचे नाव काय, तो राहतो कोठे, एवढी माहिती परक्याच्या हाती गेली म्हणजे तिचे काय होते, हे त्यावरून दिसते. सांडलेली माहिती परत भरून घेता येत नाही.

यातूनच या प्रश्नातील सर्वांत नाजूक बाब पुढे येते. फायरवॉलचा वर्ग निवडतो एक आणि त्या निवडीचे फळ भोगतो दुसरा. प्रयोगशाळेच्या मालकाने खालचा वर्ग घेतला, तर ज्याच्या रक्ताचा अहवाल तेथे आहे त्या रोग्यास कोणी विचारले होते काय? शाळेने चार पैसे वाचविले, तर ज्या आईबापांचे फोन क्रमांक व मुलांची नावे तेथे आहेत त्यांची संमती होती काय? कारखान्याच्या हजेरीपटावर ज्या मजुराचे बँकेतील खाते लिहिलेले आहे, त्यास आपल्या मालकाने कोणता वर्ग निवडला हे कळण्याचीही सोय नसते. तांदळाच्या दुकानात कणी घेणारा ती स्वतः खातो. येथे कणी विकत घेणारा निराळा आणि ती ज्याच्या दाताखाली येते तो निराळा. म्हणून 'ज्याची जशी ऐपत तसा त्याचा माल' हे बाजाराचे जुने सूत्र येथे लागूच पडत नाही. ऐपत एकाची मोजली जाते व जोखीम दुसऱ्याच्या नावे पडते.

कोणी म्हणेल, सुखसोय आणि रक्षण यांत अशी रेषा काढता येते हे पुस्तकी बोलणे झाले. व्यवहारात दोन्ही एकत्रच विकली जातात. तशी ती विकली जातात हे खरे, आणि आमची तक्रारही तीच आहे. भाईंदर अथवा मीरा रोड येथून रोज चर्चगेटकडे जाणाऱ्यांस याचे उदाहरण डोळ्यांपुढेच आहे. लोकलगाडीचा पहिला वर्ग व दुसरा वर्ग यांच्या भाड्यांत मोठे अंतर आहे, पण दोहोंचे रूळ एक, ब्रेक एक आणि सिग्नल एक. पहिल्या वर्गासाठी वेगळा सिग्नल लागत नाही. हा वर्गभेद आपण निमूट सोसतो, तो याचमुळे. २५ डिसेंबर २०१७ रोजी पश्चिम रेल्वेवर पहिली वातानुकूलित लोकल धावली आणि तिच्याबरोबर गार हवा आली, तशीच आपोआप बंद होणारी दारेही आली. गार हवा ही सुखसोय. बंद दार हे रक्षण. पण दोन्ही एकाच तिकिटात बांधली गेली, आणि ज्यास गार हवेचे दाम देणे शक्य नाही तो उघड्या दारात लोंबकळत राहिला. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलींतून पडून माणसे दगावली, तेव्हा साध्या लोकलींनाही बंद होणारी दारे बसविण्याचे धोरण रेल्वेने जाहीर केले. गर्दीने खच्चून भरलेल्या डब्याची दारे लावली तर वारा कोठून यावा, ही अडचण खोटी नव्हती. परंतु ती अडचण यंत्रशास्त्राची होती, न्यायाची नव्हती. आणि यंत्रशास्त्राच्या अडचणी, त्या सोडवावयाच्या असे एकदा ठरले म्हणजे, बहुधा सुटतात.

म्हणून आमचे म्हणणे असे नाही की सर्व वर्ग मोडून टाकावे. रेल्वेचा तिसरा वर्ग १९७४ साली नाहीसा झाला. पण नाव जाऊन लाकडी बाक राहिला, तर प्रवाशाच्या पाठीस काय लाभ? कोकणातून राजापूरचे प्रतिनिधी म्हणून लोकसभेत गेलेले प्राध्यापक मधु दंडवते १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री होते. त्यांनी पहिला वर्ग उठवून टाकण्याच्या भरीस न पडता दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर दोन इंचांची गादी घातली. वरच्यास खाली ओढावयाचे नसून खालच्यास वर आणावयाचे, ही त्यामागची दृष्टी होती. ती गादी आता सर्वांस इतकी स्वाभाविक वाटते की कोणे एके काळी ती नव्हती हेच नव्या पिढीस ठाऊक नाही. रक्षणाच्या विक्रीतही हाच मार्ग आम्हांस योग्य वाटतो. रुंदी विकावी, वेग विकावा, सुबक तक्ते विकावे, रात्री दोन वाजता फोन उचलणारा तज्ज्ञ विकावा. या सर्वांचे वर्ग खुशाल पाडावे. परंतु ओळखलेल्या चोरास नाकारणे आणि उघडकीस आलेली फट बुजविणे, या दोन गोष्टी प्रत्येक वर्गात सारख्या असाव्या. त्या ज्यात नाहीत त्या मालास रक्षण हे नाव देऊ नये. द्यावयाचेच तर वर्दी म्हणावे आणि वर्दीच्याच दराने विकावे.

विकत घेणाऱ्याचेही काही कर्तव्य आहे. वैयक्तिक माहितीच्या रक्षणासाठी आपल्या संसदेने २०२३ साली जो कायदा केला, त्यात लोकांची माहिती जवळ बाळगणाऱ्याने वाजवी सुरक्षा ठेविली पाहिजे असे म्हटले असून, न ठेविल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. 'वाजवी' या शब्दाचा अर्थ आपली पेढी केवढी आहे यावरून लावण्याचा मोह प्रत्येक लहान मालकास होईल. तसे करण्यापूर्वी त्याने स्वतःस विचारावे की, आपल्या संगणकावर आहे ते आपले किती आणि दुसऱ्याचे किती? स्वतःच्या हिशेबाच्या वहीबाबत धोका पत्करण्याचा अधिकार प्रत्येकास आहे. विश्वासाने ठेवावयास दिलेल्या परक्याच्या ठेवीबाबत तो कोणासही नाही. ठेवीचा हा धर्म आपल्या समाजास नवा नव्हे. शेजारणीने गावी जाताना ठेवावयास दिलेला दागिना आपण आपल्या दागिन्यांपेक्षा अधिक जपतो, आणि त्यासाठी तिच्याकडून भाडे मागत नाही.

आणि जे विकतही नाहीत व घेतही नाहीत, अशा आमच्यासारख्या सामान्य कुटुंबांनी काय करावे? त्यांनी निदान विचारावे. मुलाचे नाव शाळेत घालताना, प्रयोगशाळेत रक्त देताना, गृहसंस्थेच्या फाटकावर आपले नाव व फोन क्रमांक लिहून देताना, "हे आपण कोठे ठेवता, आणि त्यावर पहारा कसला आहे?" एवढा एक प्रश्न सौम्यपणे विचारण्यास कोणी आडकाठी केलेली नाही. उत्तर देणाऱ्यास बहुधा ते ठाऊक नसेल. पण दहा जणांनी विचारले म्हणजे तो अकराव्यासाठी माहीत करून घेईल, आणि पुढच्या खेपेस फायरवॉल घेताना विकणाऱ्यास तोच प्रश्न करील. बांध एका रात्रीत उंच होत नाही. तो उंच करण्यास आधी, तो कोठे ठेंगणा आहे हे गावाने मिळून पाहावे लागते.